हाइटच्या दिवसाची गोळी

लोक उपवासाचे वार धरतात, मी गोळीचे वार धरले होते. सोमवार आणि गुरुवार. या दोन दिवशी आमच्या कंपनीत उंचीवरची कामं निघायची आणि वर चढायचं तर आधी कंपनीच्या दवाखान्यात बीपी मोजून घ्यावं लागायचं. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर सिस्टर परमिटवर सही करणार, नाही तर दिवसभर खाली. म्हणून रविवारी आणि बुधवारी जेवण झालं की एक गोळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोडताना आणखी एक. बाकीच्या दिवशी गोळी नाही. डॉक्टरांनी रोज एक घ्यायला सांगितली होती. आठवड्याच्या सात गोळ्यांचं काम मी चारात उरकत होतो आणि स्वतःला मोठा हुशार समजत होतो.

मी फिटर आहे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला लागून पंचवीस वर्षं होत आली. राहायला दौंड आणि कुरकुंभच्या मधल्या एका गावात, मूळ गाव शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं. काम असं की पाइपलाइनचे जोड उघडायचे, आतली झिजलेली चकती, म्हणजे गॅस्केट, काढून नवी बसवायची आणि जोड पुन्हा आवळायचे. हेच काम जमिनीवर केलं तर कुणी बघत नाही. तेच तिसऱ्या-चौथ्या मजल्याइतकं वर, कमरेला बेल्ट लावून केलं की माणसाची किंमत वाढते. हाइटचा माणूस म्हणून मला वसाहतीत चार कंपन्यांतली माणसं ओळखायची. खाली उभं राहून कुणाला तरी पाने-हत्यारं पुरवायची, या कल्पनेनंच माझं डोकं फिरायचं.

वर एक आणि खाली एक, अशी जोडी लागते. माझा जोडीदार दौंडचा. रेल्वे स्टेशनजवळ त्यांचं जुनं घर, वडील रेल्वेत होते. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान, मला मामा म्हणायचा. बोलायला कमी, हाताला साफ. पंधरा वर्षं मी वर आणि तो खाली. खालच्यानं पट्टी बांधून जागा अडवायची, कुणाला आत येऊ द्यायचं नाही, दोरीला बांधलेल्या बादलीतून हत्यारं वर पाठवायची आणि वरच्यावर नजर ठेवायची. खालच्याला बीपी मोजावं लागत नाही. तो नुसता मान वर करून उभा असतो, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा.

माझं बीपी सापडलं ते ग्रामपंचायतीसमोर भरलेल्या तपासणी शिबिरात. मी तिथं चष्म्याच्या नंबरासाठी गेलो होतो. कंपनीचा बीपी मोजायचा नियम तेव्हा अजून आला नव्हता. तिथल्या डॉक्टरनं हाताला पट्टा बांधला, मग दुसऱ्या हाताला बांधला, मग मला खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, मला काहीच होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मी चार मजले चढतो. डॉक्टर म्हणाला, ‘‘काही होत नाही, हीच यातली अडचण आहे.’’ मला त्याचा राग आला. तिशीतलं पोरगं, गळ्यात नळी घालून मला शिकवतंय. घरात कुणाला हृदयाचं होतं का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, नाही, वडील गॅसनं गेले.

‘‘गॅसनं माणूस जात नाही, काका,’’ तो म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला लागला.

वडील उसाला पाणी देत असताना छातीत धरलं म्हणून बांधावर बसले होते. घरी आणलं, ओवा दिला, सोडा-लिंबू दिलं, छातीला तेल चोळलं. ढेकर आला की बरं वाटेल, असं सगळे म्हणत होते. ढेकर आलासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमध्ये घालून शिरूरला नेलं तेव्हा वाटेतच संपले. आम्ही भावांनी आल्या-गेल्याला गॅस झाला म्हणून सांगितलं आणि तेच आमच्या तोंडात बसलं. शिबिरातून परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण बापाच्या मरणाचं कारण वीस वर्षं चुकीचं सांगत आलो. पण माणूस असं वाटून घेतो आणि घरी जाऊन जेवतो. मीही जेवलो. ताटात मिरचीचा ठेचा होता, लोणचं होतं, पापड होता आणि कडेला चिमूटभर मीठ होतं, कारण मीठ वाढल्याशिवाय आमच्याकडं ताट वाढलं असं कुणी म्हणत नाही.

गोळी रोज घ्यायची नाही, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. एकदा लागली की जन्माची लागते, असं सगळे म्हणायचे. कँटीनमध्ये अशी तीन-चार माणसं होती जी जेवण झालं की खिशातून पुडी काढायची. त्यांना मी गोळीवर लागलेली माणसं म्हणायचो. कुणी पुडी काढली की माझं सुरू. ‘‘आला का खुराक? गुरांची कांडी पेंड बी घ्या संगं.’’ सगळं टेबल हसायचं. एकानं तर माझ्या तोंडामुळं गोळी कँटीनमध्ये घ्यायची सोडून दिली, मागं वॉशरूमला जाऊन घ्यायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातला माझा प्रकार. घरी कुणी रागावून बोललं की वाईट वाटून घ्यायचं आणि बाहेर स्वतः वाट्टेल ते बोलायचं.

हाइटच्या दिवसाची युक्ती मात्र मी लपवली नाही, उलट मिरवली. जोडीदाराला मीच सगळं समजावून सांगितलं. आदल्या रात्री एक, सकाळी एक. सकाळी तंबाखू नाही. चहा नाही. दवाखान्यात जायच्या आधी दहा मिनिटं सावलीत बसायचं, बोलायचं नाही, रागवायचं नाही. सकाळी उठल्यावर लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या. त्यातलं खरं काय आणि खोटं काय मला आजही सांगता येणार नाही, पण आकडा एकशे तीस-पस्तिसात यायचा आणि सिस्टर सही करायची. सही झाली की दवाखान्याच्या दारातच मी तंबाखू मळायला घ्यायचो. जोडीदार ऐकून घ्यायचा. ‘‘मामा, मधल्या दिवसांचं काय?’’ असं एकदा त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, मधल्या दिवशी कोण मोजतंय?

अशी तीन वर्षं गेली. एका गुरुवारी मनोऱ्यासारख्या उंच कॉलमच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर मी वाकून जोड उघडत होतो. उन्हाळा होता, पोटात काही नव्हतं, दोन गोळ्या होत्या. बोल्ट सैल झाला म्हणून मी उठून उभा राहिलो आणि डोळ्यापुढं अंधारी आली. पूर्ण अंधारी. रेलिंगला मिठी मारली तेवढी आठवते. डोळे उघडले तेव्हा हातातला मोठा पाना हातात नव्हता. पान्याला दोरी बांधायची असते, मी बांधलेली नव्हती. खाली बघितलं तर जोडीदार होता तिथंच उभा होता आणि पाना त्याच्या उजव्या बुटापासून दोन हातांवर मातीत रुतलेला होता.

पाना उचलला, पुसला, बादलीत घातला, त्याला स्वतःच्या खिशातली दोरी बांधली आणि बादली वर पाठवली. खाली उतरल्यावर मी सांगितलं, हाताला ग्रीस होतं. त्यानं मान हलवली. घरी जाताना मोटारसायकलवर माझे पाय थरथरत होते. मी थांबलो आणि वडापावच्या गाडीवर बसून दोन वडे आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, कारण मला वाटलं भुकेनं होतंय.

पुढच्या सोमवारी आम्ही नेहमीसारखे दवाखान्यात गेलो. माझा आकडा एकशे बत्तीस आला. सिस्टरनं पेन उचललं. जोडीदार माझ्या मागं दाराशी उभा होता. तो तिथूनच म्हणाला, ‘‘सिस्टर, मामांना उद्या बी तपासा.’’

‘‘उद्या कशाला? उद्या यांचं परमिट नाही.’’

‘‘म्हणूनच म्हणतो. आज ते गोळ्या खाऊन आलेत. फकस्त हाइटच्या दिवशीच खातात.’’

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला तोंडही उघडलं होतं. पण मी नुसती शर्टाची बाही खाली ओढली. तिनं पेन खाली ठेवलं, परमिटचा कागद उलटा केला आणि उद्या सकाळी या, असं सांगितलं. मंगळवारी माझा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, दुसऱ्या हाताला घेतला. एकशे ऐंशी. त्या दिवसापासून माझं वर चढणं बंद झालं.

दवाखान्याच्या बाहेर मी जोडीदाराला गाठलं. पंधरा वर्षं एका डब्यात जेवलो, खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस, असं म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. ‘‘काय समजायचं ते समजा, मामा,’’ एवढंच बोलला आणि गेटकडं निघून गेला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कँटीनच्या एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसणारे आम्ही, दोन टोकांना बसायला लागलो. तो माझ्या जागी वर जायला लागला. मला वाटायचं, यानं माझी जागा घेण्यासाठीच हे केलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

कंपनीच्या डॉक्टरांनी बायकोला बोलावून घेतलं. गोळ्यांची हकिगत तिला तिथं, माझ्यासमोर कळली. घरी आल्यावर लोणच्याची बरणी उचलली आणि शेजारच्या घरी देऊन आली. मग माझ्यासमोर उभी राहिली. ‘‘मामंजींना ज्या जीपमधी घातलं, त्याच जीपमधी मी बसले व्हते. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. तुमाला ठावं हाय ना? आन् तरी माझ्यापासनं चोरून ह्ये चालवलं?’’ मला फार वाईट वाटलं आणि मी ते सांगितलं नाही, जनावरांना पाणी पाजायला गेलो.

सिस्टरनं मला दिवसभरात काय खाता ते सांगायला लावलं. मी म्हणालो, साधंच, घरचं. मीठ मी वेगळं घेतच नाही. तिनं वही काढली. सकाळी चहा-खारी. मग डब्यात चपाती-भाजी, ठेचा. कँटीनमध्ये पापड, लोणचं, ताकात मीठ. चारला फरसाण किंवा वडा. रात्री भाकरी, रस्सा, त्यावर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. ती एकेका शब्दाखाली रेघ मारत गेली. सगळी वही रेघांनी भरली. मी म्हणालो, आम्ही प्लँटच्या उकाड्यात घाम गाळतो, घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. ती म्हणाली, घामात जातं त्याच्या कितीतरी पट तुम्ही जेवणातच घेताय, आणि तहान लागली तर पाणी प्या. मीठ कमी, तळण कमी, भाज्या आणि कडधान्यं जास्त, तंबाखू बंद, रोज चालणं, रोज गोळी. एवढंच तिचं म्हणणं होतं. ऐकायला किती सोपं आहे.

पहिले दोन महिने बायकोनं नेमानं केलं. तरी आकडा हलेना. एकशे साठच्या खाली यायलाच तयार नाही. बायको रडकुंडीला आली. शेवटी सिस्टरनं तिला विचारलं की भाजीत मीठ किती घालता. ‘‘मीठ तर म्या बंदच केलंय,’’ बायको म्हणाली. ‘‘शेंदेलोण घालते. शेजारणीनं सांगितलं, त्यानं बीपी होत न्हाई. त्ये जरा अळणी लागतं म्हणून दोन चमचे जास्त घालते.’’ सिस्टरनं कपाळाला हात लावला. ‘‘वहिनी, तेही मीठच आहे. उपवासाला चालतं म्हणजे हृदयाला चालतं असं नाही.’’ दोन महिने मी मीठ सोडल्याच्या थाटात आधीपेक्षा जास्त मीठ खात होतो. बायको त्यावर चार दिवस कुणाशी बोलली नाही. शेजारणीशी तर महिनाभर.

मग खरोखर मीठ कमी झालं. पहिले पंधरा दिवस जेवण म्हणजे शिक्षा होती. वरण गिळवत नव्हतं. मी ताटावरून उठून जायचो, आदळआपट करायचो. बायको भाजीत लिंबू पिळायला लागली, भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकायला लागली, कोथिंबीर आणि लसूण वाढवला. ज्वारी-बाजरीची भाकरी होतीच, ती दोन्ही वेळेला आली. मटकी, हुलगे, मेथी, शेपू. महिन्याभरानं एकदा बाहेर वडा खाल्ला तर तो मला खारट लागला. वडा तोच होता, जीभ बदलली होती. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्याला सांगितलं असतं त्याच्याशी बोलणं बंद होतं.

तंबाखू सुटायला पाच महिने लागले. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. रोज सकाळी सोडायचो आणि दुपारी कुणाकडं तरी हात पसरायचो. एक दिवस पसरला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, असं करत सुटली.

चालण्याची गोष्ट वेगळी. आमच्याकडं विनाकारण चालणारा माणूस दिसला की लोकांना काळजी वाटते. मी कालव्याच्या भरावावरून सकाळी चालायला निघालो आणि पहिल्याच दिवशी तीन मोटारसायकली थांबल्या. ‘‘आप्पा, गाडी बंद पडली व्हय? बसा मागं.’’ चालायला निघालोय म्हटलं तर, ‘‘आवो, कुठं चाललाय त्ये तरी सांगा, सोडतो की.’’ एक जण तर घरी चौकशीला आला, नवरा-बायकोत काही झालंय का म्हणून. चार दिवसांनी मी युक्ती काढली. दुधाची रिकामी किटली हातात घेऊन निघायला लागलो. किटली बघितली की माणसं समजायची, कामाला चाललाय, आणि सोडून द्यायची. चार किलोमीटर जायचं, रिकामी किटली परत आणायची. वर्षभर मी दूध न घालता डेअरीच्या वाटेनं गेलो. आता गावात आणखी दोघं-तिघं चालतात, त्यांना किटली लागत नाही.

मधे एकदा गावी भावाकडं गेलो होतो. तळेगावचा बाजार करून त्यानं मटण आणलं होतं आणि भावजयीनं तेलाची तर्री वर येईल असा रस्सा केला होता. मी दोन तुकडे घेतले, रस्सा नको म्हणालो. झालं. भाऊ म्हणाला, ‘‘एका दिसानं काय व्हतंय?’’ भावजय म्हणाली, ‘‘आमच्या हातचं गोड लागत न्हाई आता.’’ वाटी पुढं, वाटी मागं, असा आग्रह चालला. माझा तोल गेला. मी म्हणालो, ‘‘बाप एका दिसातच गेला. आन् गॅसनं न्हाई गेला.’’ भाऊ ताटाकडं बघत बसला. जेवण तसंच उरकलं आणि मी संध्याकाळी निघालो. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला की शिरूरला जाऊन तपासून घेतलं, त्याचंही एकशे सत्तर निघालं. मला दिलासा वाटला आणि भीतीही वाटली.

आठ महिन्यांनी माझा आकडा कुठल्याही वारी मोजला तरी एकशे तीसच्या आसपास यायला लागला. मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरनं अर्धाच घेतला. मला वाटलं, आता वर जाता येईल. डॉक्टरांनी दौंडला हृदयाची इको तपासणी करायला पाठवलं. रिपोर्ट बघून म्हणाले, हृदयाची भिंत जाड झालीय. इतकी वर्षं ते दाबाविरुद्ध पंप करत होतं. हे परत पहिल्यासारखं होईल का, मी विचारलं. ‘‘थोडं होईल. पण उंचीवरचं काम आता नको.’’ मशीनवरचा आकडा आठवड्यातले दोन दिवस बरा येत होता आणि उरलेले पाच दिवस आत काय चाललं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

त्यानंतर मला खालचा माणूस म्हणून लावायला लागले. पट्टी बांधायची, बादली भरायची, मान वर करून उभं राहायचं. वेगवेगळ्या फिटरांबरोबर लावायचे. माझ्या जोडीदाराबरोबर मात्र सुपरवायझरनंही मुद्दाम कधी लावलं नाही. आमचं वैर सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या शटडाउनमध्ये प्लँट आठवडाभर बंद होता आणि माणसं कमी पडत होती. सकाळी सुपरवायझरनं कामं वाटली आणि माझ्याकडं न बघता माझं नाव जोडीदाराच्या खाली घेतलं. त्यानं बेल्ट लावला, पाने दोरीला बांधले आणि कॉलम चढायला लागला. मी पट्टी बांधली आणि उभा राहिलो.

दुसऱ्यांच्या खाली मी उभा राहिलो होतो, पण मन लावून कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी नजर हटवता येईना. तो वाकला की मी त्याच्या बेल्टचा हूक बघायचो. उठून उभा राहिला की मी मनात आकडे मोजायचो. एकदा त्यानं जोड सोडला, रेलिंगला धरलं आणि नुसताच थांबला. कपाळाचा घाम पुसत होता, दुसरं काही नव्हतं. पण तेवढ्यात मला घाम फुटला. त्याच्या खाली मी तासभर उभा होतो. माझ्या खाली तो पंधरा वर्षं उभा होता, आणि त्यातली तीन वर्षं मी कसा चढतो हे त्याला माहीत होतं.

दुपारी तो उतरला. बेल्ट सोडला, पिंपाच्या सावलीत बसला. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घेतली.

‘‘सकाळी किती आलं?’’ मी विचारलं. चौदा महिन्यांत मी त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट.

‘‘एकशे सव्वीस.’’

‘‘चांगलं हाय. तुला काय न्हाईच म्हण की.’’

तो पाणी प्यायला. बाटली मांडीवर धरून बसला. ‘‘हाय ना, मामा,’’ तो म्हणाला. ‘‘नऊ वर्सं झाली. रोज एक गोळी. रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला, एरवी घरनं निघताना.’’

मला आधी हिशेबच लागेना. नऊ वर्षं म्हणजे मला शिबिरात सापडलं त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे कँटीनमध्ये मी खुराक म्हणून हसायचो तेव्हा तो माझ्या शेजारी बसलेला असायचा. मी त्याला युक्ती शिकवत होतो, तेव्हा रोजची गोळी घेऊन तो ऐकत होता.

‘‘मला कवा बोलला न्हाईस,’’ मी म्हणालो.

‘‘तुमी हसत व्हता समद्यांना. मला वाटलं, मला बी हसाल.’’ मग तो खाली बघत म्हणाला, ‘‘वर्सभर माझ्या डोक्यात तेच हाय. मी तवाच सांगितलं असतं की मामा, मी बी खातो, रोज खातो, काय व्हत न्हाई, तर तुमी बी खाल्ली असती. मी लाजलो. तुमचं हे जे काय झालं, त्यात माझी बी चूक हाय.’’

मी त्याला चौदा महिने शत्रू समजत होतो, आणि तो ते सगळे दिवस माझ्या आजाराचं ओझं स्वतःवर घेऊन वर चढत होता. हो, खाल्ली असती, असं म्हटलं असतं तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि ते ओझं त्याच्यावरच राहिलं असतं.

‘‘नसती खाल्ली,’’ मी म्हणालो. ‘‘तुलाच हसलो असतो.’’

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. बाटलीचं झाकण लावलं, ती माझ्याजवळ ठेवली आणि बेल्ट उचलला. अजून दोन जोड बाकी होते.